टु-मॉरोचा गठ्ठा

१

बुधवारी सकाळी फेनिमोरने सातव्या कपाटाचा तिसरा खण ओढला आणि आत नुसती धूळ निघाली. ‘टु-मॉरो’चा गठ्ठा गायब! चारशे बारा चिठ्ठ्या, पांढऱ्या फितीत बांधलेल्या, आणि शुक्रवारी अकराला कोशमंडळाची बैठक.

“कोणी नेला?” फेनिमोर ओरडला. ओरडताना त्याचा आवाज चिरकतो. मी प्रुफावरून मान वर केली नाही, कारण ओरडणाऱ्या माणसाकडे बघितलं की तो आणखी ओरडतो.

आमच्या इंग्रजी शब्दकोशाचा सगळा संसार चिठ्ठ्यांवर चालतो. गावोगावचे हौशी वाचक जुनी पुस्तकं वाचतात, हवा तो शब्द दिसला की तळहाताएवढ्या कागदावर अख्खं वाक्य उतरवतात, वर्ष, पुस्तक आणि पान लिहितात आणि वेल्बरीला आमच्याकडे धाडतात. आम्ही त्या वर्षाप्रमाणे लावतो, जुनी वर, नवी खाली. ह्या चिठ्ठ्या नसतील तर आमचं म्हणणं कुणी का ऐकावं?

आणि त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे त्रेसष्ट साली, आमच्याकडे एका रेघेवरून महाभारत चाललं होतं. जुनी माणसं ‘टु-मॉरो’ लिहिताना मधे संयोगचिन्ह घालतात, एवढीशी आडवी रेघ. टु-डे, टु-नाइट, वीक-एंड, टी-पॉट, सगळीकडे तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर वर्तमानपत्रांनी ती रेघ टाकून दिली. फेनिमोर दोन वर्षांपूर्वी विद्यापीठातून आमचा संपादक होऊन आला आणि म्हणाला, नव्या आवृत्तीतून रेघ हद्दपार. लेनर्ड ट्रँटर म्हणाले, आधी पुरावा बघा, मग बोला. टी अक्षराची कपाटं छत्तीस वर्षं ट्रँटरांकडे होती, आणि ते अजून वाण्याच्या यादीतसुद्धा रेघ घालत.

“तुम्हीच लपवलात,” फेनिमोर त्यांच्यासमोर जाऊन म्हणाला. “पुरावा नाही तर निर्णय नाही. बैठक पुढे ढकलायची, असंच ना?”

ट्रँटर उभे राहिले. उंच, वाकलेला माणूस. मला वाटलं, आता चांगलं खरमरीत उत्तर देतील. पण ते परत बसले आणि पुढ्यातल्या चिठ्ठ्या लावू लागले.

“शुक्रवारी दहापर्यंत गठ्ठा माझ्या टेबलावर हवा,” फेनिमोर म्हणाला. “नाहीतर तुमचा इथला शेवटचा दिवस तोच. का काढलं, तेही मंडळाला लेखी कळवीन.”

निवृत्तीला नऊ महिने राहिले होते त्यांच्या. अहो, त्या माणसाला ह्या इमारतीखेरीज जगात कोण होतं? भाड्याची एक खोली आणि आम्ही. आता नावाला चोरीचा डाग लावून बाहेर काढणार होते.

२

मी मुरिएल स्टॉबर्ट. प्रुफं तपासते, बावीस वर्षं, ट्रँटरांच्या समोरच्या टेबलावर बसून. मला चुका दिसतात, माणसं दिसत नाहीत, असं इथे म्हणतात. म्हणोत बापडे. एक मात्र मला पक्कं ठाऊक होतं: एका चिठ्ठीचा कोपरा दुमडला तर ज्या माणसाचं जेवणात लक्ष लागत नाही, तो गठ्ठा लपवून बैठक उधळणार नाही. मग कोणी नेला?

पहिल्यांदा डोरीन पाइकला गाठलं. डोरीन टायपिस्ट, वय तेवीस, तोंडाने फटकळ.

“काय गं, मंगळवारी चहाच्या वेळेला तू कुठे होतीस?”

“मी? टायपिंग करत होते.”

“तुझं मशीन बंद होतं. बंद मशीन मला ऐकू येतं.”

ती हसली. “बरं बाई, सातव्या कपाटामागे सिगारेट ओढत होते. सांगू नका हं त्याला! आणि मला त्या गठ्ठ्याचं काय करायचंय? एका रेघेसाठी म्हातारी माणसं हमरीतुमरीवर येतात, मी घरी आईला सांगते तर तिला खरंच वाटत नाही.”

“तिथे दुसरं कोण आलं होतं?”

डोरीनने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तोच. फेनिमोर. टॉर्च घेऊन. तिसरा खण उघडून बसला होता.”

३

आता तुम्ही म्हणाल, झालं, सापडला चोर. मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. गठ्ठाच नसेल तर रेघेच्या बाजूने बोलायला काही उरत नाही. फेनिमोरला तेच तर हवं होतं. मी तडक त्याच्या खोलीत गेले.

“मंगळवारी तुम्ही सातव्या कपाटाशी काय करत होता?”

तो लाल झाला. “मोजत होतो. ट्रँटर म्हणतात चारशे बारा. मला शंका होती.”

“मग?”

“चारशे बाराच निघाल्या.” हे सांगताना त्याचा जीव खाली-वर होत होता. “आणि त्यातल्या तीनशेहून जास्त चिठ्ठ्यांत रेघ आहे, तीही माझ्या अपेक्षेपेक्षा फार अलीकडच्या सालापर्यंत. तरी मी तो परत ठेवला, मिस स्टॉबर्ट. मला तो गठ्ठा मंडळापुढे हवाच आहे. पुरावा दडवून जिंकलो असं उद्या कुणी म्हटलं, तर माझी काय किंमत राहील?”

माणूस अप्रिय होता, पण हे खरं बोलत होता. गठ्ठा नाहीसा झाल्याने सगळ्यात जास्त तोच घाबरला होता. म्हणजे मंगळवारी साडेचारला, चहाच्या वेळी, गठ्ठा जागेवर होता आणि बुधवारी सकाळी नव्हता. साडेपाचला इमारत बंद होते. मधला एक तास.

“एक सांगू?” मी निघताना तो म्हणाला. “बाकीचे खणही कुणीतरी चाळलेत. टी-पॉटचा गठ्ठा सैल बांधलेला होता. ट्रँटर कधी सैल बांधत नाहीत.”

४

गुरुवारी मी प्रुफं बाजूला सारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. टी-पॉटचा गठ्ठा सोडला, मग टी-टाइमचा, मग टेबल-क्लॉथचा. चिठ्ठ्या पूर्ण होत्या, क्रम बिनचूक होता. मात्र काही चिठ्ठ्या उलट्या होत्या, कोरी बाजू वर.

कोरी म्हणायची आपली. लढाईत कागद मिळत नव्हता, तेव्हा वाचक घरातलं मिळेल ते कापून त्याच्या पाठीवर लिहीत. औषधाची बिलं, चर्चची पत्रकं, कुणाकुणाची खासगी पत्रंसुद्धा. म्हणून त्या काळच्या संपादकांनी एक नियम घातला: चिठ्ठीची मागची बाजू आपली नाही, ती वाचायची नाही. नवा माणूस कामावर आला की त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवत. मलाही शिकवलं. पुढे पुढे तो नियम आहे हेही आम्ही विसरलो. चिठ्ठीला मागची बाजू असते हेच कुणाच्या मनात येत नसे.

आणि इथे कुणीतरी मागची बाजू बघत फिरलं होतं.

उलट्या चिठ्ठ्या मी मोजल्या. एकोणीस. सगळ्या एकाच हातच्या, जांभळी शाई, कोपऱ्यात एच. व्ही. ही अक्षरं, आणि आमच्याकडे पोचल्याचा शिक्का बेचाळीस सालचा. त्यांच्या पाठीवर बिलं आणि पत्रकंच होती. म्हणजे चोराला रेघेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हव्या होत्या ह्या एका वाचकाच्या चिठ्ठ्यांच्या पाठी, आणि जे शोधत होता ते त्याला टु-मॉरोच्या गठ्ठ्यात मिळालं होतं. आम्ही दोन दिवस भलत्याच भांडणात चोर शोधत होतो.

वाचकांच्या वहीत नाव सापडलं. हेस्टर व्हार्ली, गाव नेदर कूम. बेचाळीसच्या ऑक्टोबरनंतर तिच्याकडून एकही चिठ्ठी आलेली नव्हती.

मग मी डोकं धरून बसले. डोरीन? तिने गठ्ठा सोडला असता तर साल आणि क्रम यांचा सत्यानाश केला असता. फेनिमोर? तो चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसतो, त्याच्यामागे दर वेळी ट्रँटरांनाच लावत बसावं लागतं. इथे एकोणीस चिठ्ठ्या काढून, बघून, घाईघाईत परत घातल्या होत्या. घाई इतकी, की पालथ्या पडल्याचं भान नव्हतं. तरी एकही चिठ्ठी सालाच्या बाहेर गेलेली नव्हती. हात आपोआप जागेवर जातो, तसा हात इमारतीत दोघांचाच. एक माझा.

मी समोरच्या टेबलाकडे पाहिलं. ट्रँटर तब्येतीचं कारण सांगून दुपारीच घरी गेले होते.

५

सहाच्या सुमारास त्यांच्या खोलीचं दार वाजवलं. बावीस वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. गॅसची शेगडी, एक खुर्ची, एक कप. आणि पलंगावर, गोधडीवर, ओळीत मांडलेल्या चिठ्ठ्या, सगळ्या पालथ्या.

“या, मिस स्टॉबर्ट,” ते म्हणाले. “तुम्हीच याल असं वाटत होतं.”

“अहो, मग बोलायचं तरी! तो उद्या तुम्हाला हाकलणार आहे, आणि तुम्ही गप्प?”

“बोललो असतो तर ह्या दाखवाव्या लागल्या असत्या. एका बाईची खासगी गोष्ट आहे.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः पलंगाच्या काठावर बसले. “मंगळवारी गठ्ठा बैठकीसाठी बघत होतो. एक चिठ्ठी हातातून पडली, उलटी पडली. उचलताना दिसलं, त्यावर माझं नाव होतं.”

मग सगळं बाहेर आलं. थांबत थांबत, अगदी हळू. हेस्टर व्हार्ली बेचाळीसच्या उन्हाळ्यात एकदा वेल्बरीला आली होती, पुस्तकं बदलून न्यायला. दोघं नदीकाठी तासभर चालले. पुढे महिनाभराने ट्रँटरांनी तिला पत्र लिहिलं आणि लग्नाचं विचारलं.

“त्यात मी वेड्यासारखं एक वाक्य टाकलं होतं,” ते म्हणाले. “लिहिलं होतं, की ऑफिसात पत्रं फोडतात, घरी घरमालकीण फोडते, तुमच्या चिठ्ठ्या मात्र थेट माझ्या टेबलावर येतात. मी सहज लिहिलं हो. तिला वाटलं मी वाट सुचवतोय.”

“आणि तिने चिठ्ठ्यांच्या पाठीवर उत्तर लिहिलं.”

“हो. फक्त टु-मॉरोच्या. एकेका चिठ्ठीवर एक-दोन शब्द. मी सगळ्या हातात घेतल्या, मिस स्टॉबर्ट. तिच्या प्रत्येक चिठ्ठीचं साल तपासलं, जागेवर लावली. एकही उलटून पाहिली नाही. मला वाटलं, बाईने उत्तर देण्याचं सौजन्यही दाखवलं नाही.”

त्या वर्षी मी नवी होते, आणि पोचपावतीची छापील कार्डं पाठवायचं काम माझ्याकडे होतं. ‘आपल्या चिठ्ठ्या मिळाल्या. आभारी आहोत.’ नेदर कूमचा पत्ता मीच लिहिला असणार. तिने त्या माणसाला उत्तर दिलं आणि परत काय गेलं, तर माझ्या अक्षरातला पत्ता आणि छापील आभार.

“काय लिहिलंय तिने?” मी विचारलं.

“तेच तर!” ते उठून उभे राहिले. “मला लावताच येत नाही. बेचाळीस चिठ्ठ्या. शब्द कळतात, अर्थ लागत नाही. दोन रात्री झोपलो नाही. एकीवर ‘होय’ आहे, पण दुसरीवर ‘शक्य नाही’ आहे. कशाला होय आणि काय शक्य नाही, काही समजत नाही. सालाप्रमाणे लावल्या तरी नाही.”

मी गोधडीवर वाकले. वाटलं असतं तर तेव्हाच निघून जाता आलं असतं. ‘मलाही नाही लागत हो,’ एवढं म्हणायचं होतं. त्यांनी विश्वास ठेवला असता.

“ट्रँटर, सालाप्रमाणे लावायची खोड तुमची. ती बाई थोडीच सालाप्रमाणे लिहीत होती? ती समोरचं पुस्तक वाचत होती. एक पान झालं की पुढचं. तिला आधी कुठलं पुस्तक पाठवलं होतं?”

त्यांना आठवावंसुद्धा लागलं नाही. “खलाशाची रोजनिशी. मग बिशपची पत्रं. मग बागकामाचं.”

“मग चिठ्ठ्या सुलट्या करा, पुस्तकवार लावा, आणि पानांच्या आकड्यांनी ओळीत घ्या.”

शेवटी मीच लावल्या. शेगडी फुरफुरत होती. लावून झाल्यावर मी एकेक उलटत गेले आणि मोठ्याने वाचलं, कारण त्यांना चष्म्यातून काही दिसत नव्हतं.

“श्री. ट्रँटर, तुम्ही सुचवलेली वाट मला आवडली. म्हणून इथे लिहिते. माझं उत्तर होय आहे. वडील अंथरुणाला खिळलेत. ते असेपर्यंत घर सोडणं शक्य नाही. तुम्ही थांबाल का? थांबणार असाल तर पत्र नको. आता वडील पत्रं वाचतात. फक्त एक कोरी चिठ्ठी पाठवा. काहीही लिहू नका. मी समजेन. मी रोज टपालवाल्याची वाट बघते. हेस्टर.”

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी रुमाल काढला, पण पुढे केला नाही, कारण तो द्यायला जवळ जावं लागलं असतं.

“एकवीस वर्षं,” ते शेवटी म्हणाले. “एक कोरी चिठ्ठी मागितली हो तिने. माझ्या खणात हजारो होत्या.”

“आहे का ती अजून?”

“काल सार्वजनिक फोनवरून नेदर कूमच्या टपाल कचेरीला विचारलं. आहे. त्याच घरात. आडनाव तेच.”

“मग इथे काय करताय?”

“उद्या दहाला फेनिमोर...”

“गठ्ठा माझ्याकडे द्या,” मी म्हणाले.

“ह्या बेचाळीस चिठ्ठ्यासुद्धा?”

“त्या कोशाच्या आहेत, ट्रँटर. तुम्ही मजकूर उतरवून घ्या.”

त्यांनी उतरवून घेतला. मी बाजूला बसून प्रत्येक शब्द ताडून पाहिला, तेच माझं काम. शेवटी मी ‘बरोबर’ असं म्हणाले.

६

शुक्रवारी पावणेदहाला मी गठ्ठा फेनिमोरच्या टेबलावर ठेवला.

“कुठे होता?”

“माझ्या खिडकीत, प्रुफांच्या ढिगाखाली. मंगळवारी संध्याकाळी एक तारीख पडताळायला नेला आणि विसरले.”

वाटलं होतं, तो हसेल. म्हणेल, काहीतरीच काय, मिस स्टॉबर्ट, तुम्ही आणि विसरणार? मी त्यासाठी आणखी दोन थापा तयार ठेवल्या होत्या. डोळे अधू झालेत म्हणणार होते, आणि बहिणीच्या आजारपणाचंही सांगणार होते. मला बहीण नाही.

“तरी मला वाटतच होतं,” फेनिमोर म्हणाला. “वय झालं की असं होतं. ह्या आवृत्तीची उरलेली प्रुफं मी बाहेर देतो. तुम्ही वाचकांचे पत्ते नीट लावून द्या, खालच्या खोलीत टेबल आहे.”

एवढंच. बावीस वर्षांत प्रुफात एक चूक नाही, आणि विश्वास बसायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. मला फार लागलं ते. अजून लागतं.

बैठक झाली. ट्रँटरांची त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली, हे कबूल करायला हवं. रेघ मुख्य नोंदीतून गेली, पण ‘जुना वापर’ म्हणून खाली राहिली, सालासकट. ट्रँटर भांडलेच नाहीत. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

साडेबाराला ते कोट घालून माझ्या टेबलाशी आले. नवी कॉलर, दाढी करताना हनुवटीला कापलेलं.

“फेनिमोरने मला आत्ता सांगितलं. तुम्ही स्वतःवर घेतलंत. मिस स्टॉबर्ट, मी आत जातो आणि...”

“आणि काय सांगाल? कशासाठी नेला ते? तिचं नाव ह्या लोकांच्या तोंडी देणार आहात?”

ते टोपी हातात फिरवत राहिले.

“तुम्ही हे का केलंत?” त्यांनी विचारलं.

मला तो माणूस आवडत होता. बावीस वर्षं रोज सकाळी नऊला त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यावर आला की माझा दिवस सुरू व्हायचा. रविवारी तो आवाज नसायचा, म्हणून मला रविवार नकोसा वाटायचा. हे सांगायला फार वेळ लागला नसता.

“एक वाजून पाचची गाडी आहे,” मी म्हणाले. “चुकेल तुमची.”

ते गेले. मी दौत पुसली, पेन्सिली गोळा केल्या, खालच्या खोलीत न्यायचं सामान खोक्यात भरलं. तेवढ्यात डोरीन दोन कप चहा घेऊन आली, एक माझा, एक ट्रँटरांचा, आणि रिकामी खुर्ची बघून थबकली.

“काय हो, गठ्ठा तुम्हीच हरवलात म्हणे? आणि आम्ही सगळे त्या बिचाऱ्याला चोर म्हणत होतो!”

“हो गं,” मी म्हणाले. “मीच हरवला.”

“काय बाई तरी तुम्ही!” असं म्हणून तिने दोन्ही कप माझ्यासमोर ठेवले आणि गेली.